घर सगळ्यांचं, भाडं परवडणारं



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजता मोजता विषय निघाला लेकींच्या खोलीभाड्याचा. कुणाची लेक चाकणला कंपनीत लागली आहे, कुणाची पुण्यात नर्सिंग करते. पगार हातात पडला की पहिला मोठा घास खोलीमालकाचा. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "सरकारनंच खोल्या बांधाव्यात, भाड्यानं द्याव्यात आणि कधी विकू नयेत. असं कुठं असतं का हो?"

असतं. ब्रिटनमध्ये अशी घरं शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. तिथल्या नगरपालिकेला कौन्सिल म्हणतात. तिच्या मालकीची, भाड्यानं दिलेली घरं म्हणजे कौन्सिलची घरं. ती कशी उभी राहिली आणि हातातून कशी गेली, हे आज सांगणार आहोत.

सुरुवात बायकांपासूनच आहे. १९१५ साल. पहिलं महायुद्ध चालू होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामासाठी माणसांची रीघ लागली. खोल्या कमी, माणसं जास्त. घरमालकांनी भाडी वाढवली. कित्येक घरांतले पुरुष लढाईवर होते. तेव्हा गोव्हन भागातल्या मेरी बार्बर यांनी बायकांना एकत्र केलं. ठरलं की जुनं भाडं देऊ, वाढीव देणार नाही. चाळीच्या जिन्याशी एक बाई घंटा घेऊन बसायची. घर रिकामं करायला कोर्टाचा माणूस आला की घंटा वाजायची. बायका हातातलं काम टाकून धावायच्या आणि पिठाच्या पुड्या फेकून त्याला परत पाठवायच्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार कुटुंबं या संपात उतरली. १७ नोव्हेंबरला भाडेकरूंवरचे खटले कोर्टात आले, तेव्हा कारखान्यांतले कामगारही हजारोंनी बाहेर उभे राहिले. खटले मागे घेतले गेले. वर्ष संपायच्या आत सरकारनं कायदा करून भाडी युद्धाआधीच्या दरावर आणून ठेवली. पुढे १९२० मध्ये मेरी बार्बर स्वतः नगरसेविका झाल्या.

पण भाडं रोखलं म्हणून नवी घरं उभी राहत नाहीत. म्हणून १९१९ मध्ये आणखी एक कायदा झाला. घरं बांधायला सरकारनं कौन्सिलांना पैसे द्यायला सुरुवात केली. मुंबईतही याच काळात असं घडलं. १९१८ साली भाड्याला लगाम घालणारा कायदा आला आणि १९२० नंतर सरकारनं वरळी, नायगाव, शिवडी या भागांत बीडीडी चाळी बांधल्या. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी त्या एका खोलीत संसार केले. ब्रिटनमध्ये मात्र हे काम फार मोठं झालं. १९८० च्या सुमारास तिथे दर तीन घरांपैकी जवळपास एक घर कौन्सिलचं होतं.

आता हे भाडं स्वस्त कसं राहतं, ते बघू. खासगी मालक विचारतो, "बाजारात किती मिळेल?" कौन्सिलला विचारावं लागतं, "घराला खर्च किती येतो?" बांधकामाचं कर्ज फेडायचं आणि डागडुजी करायची. जुन्या घरांचं कर्ज फिटत आलं की त्यांच्या भाड्यातून नव्या घरांना हातभार लागतो. आपल्या गटाच्या पैशासारखंच आहे हे. एकीनं फेडलेला हप्ता दुसरीच्या कर्जाला उपयोगी पडतो. पैसा फिरता राहतो, म्हणून सगळ्यांना पुरतो.

१९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं कायदा केला की कौन्सिलच्या घरात राहणाऱ्याला ते घर स्वस्तात विकत घेता येईल. सूट किंमतीच्या ३३ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. पुढे ती आणखी वाढली. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? गरिबाला स्वतःचं घर मिळालं! खरं आहे. घरकुल आपल्या नावावर झालं की काय वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी ती घरं घेतली, त्यांना दोष देता येत नाही.

अडचण पुढे आली. विक्रीतून आलेला बराचसा पैसा नव्या घरांसाठी वापरायला कौन्सिलांना मोकळीक नव्हती. घरं विकली गेली, त्यांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. आजवर एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं अशी गेली. त्यांतली बरीच पुढे खासगी मालकांच्या हातात पडली आणि बाजारभावानं भाड्यानं लागली. ज्या कुटुंबाला ते भाडं झेपत नाही, त्याला सरकार मदत देतं, म्हणजे लोकांचा पैसा शेवटी मालकाच्याच खिशात जातो. कौन्सिलनं एकेकाळी विकलेलंच घर बेघर कुटुंबासाठी पुन्हा भाड्यानं घेतलं, असंही घडलं. आज इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढत आहेत.

शब्दांचीही फसगत असते, मैत्रिणींनो. २०११ पासून इंग्लंडमध्ये "परवडणारं भाडं" असा एक सरकारी प्रकार आला. ते बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत असू शकतं. आपल्या रुपयात हिशेब करू. बाजारात खोली ६,००० रुपयांना असेल, तर ८० टक्के म्हणजे ४,८०० रुपये. बाजार ९,००० वर गेला, की नव्या भाडेकरूला तीच खोली ७,२०० ला. बाईची मजुरी मात्र होती तिथेच. म्हणून परवडणारं म्हटलं, की आपण विचारायचं, कुणाला परवडणारं? भाडं मोजायचं ते कमाईशी.

लोक गप्प बसले नाहीत. काही शहरांत कौन्सिलची सगळी घरं दुसऱ्या संस्थांकडे सोपवायचं ठरलं. त्यासाठी भाडेकरूंचं मतदान घ्यावं लागे. २००२ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंनी बहुमतानं नाही म्हटलं आणि घरं कौन्सिलकडेच राहिली. २०१४ मध्ये पूर्व लंडनमध्ये, वसतिगृहातून बाहेर जायला सांगितलेल्या तरुण आया आपली लेकरं घेऊन कौन्सिलच्या रिकाम्या घरांत जाऊन राहिल्या. चांगली घरं कुलपात आणि आम्हाला मात्र दूरच्या शहरात जा म्हणता, हे त्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं. स्कॉटलंडनं २०१६ मध्ये आणि वेल्सनं २०१९ मध्ये ही विक्री बंद केली. इंग्लंडनं २०२४ मध्ये सूट बरीच कमी केली.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मालकी सार्वजनिक आहे म्हणून सगळं आपोआप नीट चालतं, असं नाही. लंडनमधली ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत कौन्सिलच्याच मालकीची होती. तिथल्या रहिवाशांनी धोक्याबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या. १४ जून २०१७ ला तिथे आग लागली आणि ७२ माणसं गेली. घर सगळ्यांचं असेल, तर त्यात राहणाऱ्यांचं ऐकलंही गेलं पाहिजे.

आपल्या गावात कौन्सिलची घरं नाहीत. पण गायरान आहे, पंचायतीचे गाळे आहेत, समाजमंदिर आहे. गायरान एकदा गेलं की परत येत नाही, हे आपल्या आजी सांगत आल्या आहेत. तेव्हा अशी कुठलीही वस्तू विकायची किंवा कुणाला चालवायला द्यायची गोष्ट निघाली, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायचे. मालकी कुणाची राहणार? भाडं कशावरून ठरणार? आलेला पैसा कुठे जाणार? उत्तर ठरावात लिहून घ्यायचं.

आणि लेकींच्या खोल्यांचं काय, असं ज्या ताईंनी विचारलं होतं, त्यांना आमचं उत्तर आहे. ग्लासगोच्या बायकांनीही सुरुवात एका जिन्यावरून केली होती. पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या किती लेकी शहरात आहेत, पगारातला किती हिस्सा भाड्यात जातो, याची यादी करू या. आकडे हातात आले की मागणी कुणाकडे करायची, तेही मिळून ठरवू.