आधी ब्रेक, मग वेग

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि मग पद्मिनी बाहेर पडली. बहुतेक गाड्या घरच्या झाल्या, टॅक्सी झाल्या. काही मात्र चेन्नईजवळच्या शोलावरमला, महायुद्धकाळातल्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत उतरल्या. गाडीचे ब्रेक शर्यतीसाठी तयार करण्याच्या आपल्याकडच्या गोष्टीचा मागोवा तिथूनच घ्यायला हवा.

त्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. इंजिनाची ताकद जास्तीचे कार्बोरेटर बसवून वाढवता येई, ड्रमचा स्वभाव मात्र बदलत नसे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. मग पेडल जास्त खाली जातं आणि शूवरचा तापलेला लायनरही नीट पकडत नाही. म्हणून तयारी म्हणजे नवे लायनर, लेथवर साफ केलेले ड्रम आणि अचूक सेट केलेले शू. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून उडवणाऱ्या मेकॅनिकांनी केवढा धोका पत्करला, हे या इतिहासात नोंदवलंच पाहिजे.

तिकडे १९५३ साली जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. डिस्क उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही. वळणाच्या अधिक जवळ जाऊन, उशिरा ब्रेक मारण्याची मुभा चालकाला मिळाली. आपल्याकडे सर्वसाधारण गाड्यांना पुढच्या चाकांवर डिस्क मिळायला पुढची तीन-चार दशकं गेली.

शोलावरमच्या धावपट्टीनंतर १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला, २००३ मध्ये कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, तर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. बुद्धच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यामुळे ब्रेकची खरी परीक्षा सुरू झाली. हौशी मालक आपली स्पोर्ट्‌स कार घेऊन ट्रॅक डेला जाऊ लागले, ते याच काळात. तेराशे किलोची गाडी ताशी १८० वरून ८० किलोमीटरवर आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर जवळपास चार लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल. आणि हे एका फेरीत अनेक वळणांवर घडतं.

म्हणून आजची तयारी ब्रेक ऑइलपासून सुरू होते. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ ऑइलसाठी ताजेपणी किमान २३० अंश सेल्सियसची अट आहे, ओलावा धरल्यावर ती १५५वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. ट्रॅकवर जाण्याआधी जुनं ऑइल काढून उच्च उत्कलनबिंदूचं ताजं भरायचं, एअर नीट काढायची. नंतर जास्त तापमान सोसणारे पॅड बसवायचे आणि मोकळ्या रस्त्यावर वेग पुन्हापुन्हा कमी करत ते डिस्कवर बसवून घ्यायचे. डिस्कला तडे नाहीत ना, नळ्या फुगल्या नाहीत ना, हेही पाहायचं.

सोलापूरकराला आणखी एक विचार करावा लागतो. वरचे तिन्ही ट्रॅक शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि गाडी बहुधा चालवतच न्यावी लागते. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना कमी पकडतात. हायवेवर ट्रक अचानक आडवा आला, तर हीच उणीव जिवावर बेतेल. तेव्हा ट्रॅकचे पॅड डिकीत न्यावेत, तिथे बदलावेत आणि परतताना रोजचे पुन्हा चढवावेत. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निवू द्यावेत. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, नाहीतर तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात.

२००१च्या पोर्शे ९११ जीटी२ला सिरॅमिक डिस्क कारखान्यातूनच बसवलेली असे, सामान किती सुधारलं याची ती खूण. पण उष्णतेचं गणित शोलावरमच्या फियाटला होतं तेच आज आहे. ट्रॅकवर जाऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी पहिला खर्च एक्झॉस्टवर नव्हे, ऑइल आणि पॅडवर करावा. गाडी हवी तिथे थांबते याची खात्री असलेला चालकच मन लावून वेग घेऊ शकतो.