हाताला येतं, कागदावर अडतं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पालकसभा संपली, सगळे पालक निघून गेले, तरी एक गृहस्थ दाराशी थांबून होते. बसस्थानकामागे त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांची मुलगी आमच्या शाळेत सातवीला होती आणि तिच्या गैरहजेरीबद्दल आम्ही त्या दिवशी जरा कडकच बोललो होतो.

उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तिची चूक नाही. मीच तिला गॅरेजवर बसवतो. कार्बोरेटर मी डोळे मिटून खोलतो. पण आता इंजेक्शनच्या गाड्या येतात. मशीनवर अक्षरं उमटतात, ती मुलगीच मला वाचून दाखवते."

आम्ही गप्प झालो. बापाची निरक्षरता मुलीची शाळा खात होती आणि आम्ही हजेरीपटावर लाल शाई ओढत होतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्या नव्या गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. त्यामुळे नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. कानाने इंजिनाची नाडी ओळखणारे, वीस-पंचवीस वर्षं हात काळे केलेले कारागीर एकाएकी अडाणी ठरू लागले. आपल्या वस्त्यांत असे कितीतरी आहेत. लहानपणी 'छोटू' म्हणून गॅरेजवर आले, पाने पुसता पुसता उस्ताद झाले. दप्तर मात्र सुटलं ते सुटलंच.

आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी ठरवलं की ईशाच्या नमाजनंतर एक तास वर्ग घ्यायचा. पहिल्या दिवशी अकरा जण आले. आम्ही फळ्यावर 'अ' काढला, पाटी-पेन्सिल वाटली. चौथ्या दिवशी चारच उरले. चाळिशीच्या माणसाला पहिलीच्या बाकावर बसवलं तर त्याची मान खाली जाते, हे बीएड झालेल्या आम्हाला कळायला हवं होतं.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस इथे सुमारे ३०० शेतमजुरांना अवघ्या ४५ दिवसांत लिहावाचायला शिकवल्याचं आम्हीच परीक्षेत लिहिलं होतं. त्यांची सुरुवात मुळाक्षरांपासून नव्हती. शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून होती. मग आम्ही वर्गच गॅरेजमध्ये नेला.

तिथे पहिल्याच दिवशी समजलं की ही माणसं कोरी नाहीत. ८, १०, १२, १४, १७ हे इंग्रजी आकडे त्यांना पान्यांवरून पाठ होते. 'पी' हे अक्षर त्यांनी नो-पार्किंगच्या पाटीवर रोज पाहिलं होतं. स्कॅनरवर 'पी ०३३५' आलं की क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडे पाहायचं. एक अक्षर आणि चार आकडे! वाचायचं ते एवढंच. आम्ही नेहमी लागणारे दहा कोड निवडले, पुठ्ठ्यावर कोडशेजारी त्या-त्या भागाचं चित्र काढलं आणि तो भिंतीवर टांगला.

काही गाड्यांत तर वाचावंही लागत नाही. होंडाच्या इंजेक्शनच्या अनेक दुचाकींत बिघाडाचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, अर्थात इंजेक्टर. ज्याला मोजता येतं, त्याला दोष सापडतो. हे कळलं तेव्हा एक चाचा हसून म्हणाले, "म्हणजे गाडी आपल्याशी बोलतेच आहे, आपणच ऐकत नव्हतो."

एक प्रसंग मात्र अंगावर काटा आणणारा होता. एका शागिर्दाने डिस्क ब्रेकच्या डबीत चुकून इंजिन ऑइल टाकलं. बाटल्या सारख्या दिसत होत्या, लेबल वाचता येत नव्हतं. अशा तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतो. गाडी बाहेर पडण्याआधी उस्तादांच्या नाकाला वास आला म्हणून निभावलं. अल्लाहचे आभार. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची सुरुवात लेबलांनी झाली. 'डीओटी ३', 'डीओटी ४' लिहिलेलं ब्रेकचं. '१०डब्ल्यू-३०' लिहिलेलं इंजिनाचं. दोन्ही बाटल्या हातात द्यायच्या, बोटाने अक्षरं गिरवायची, मगच झाकण उघडायचं.

त्यानंतर जॉब कार्ड आलं: गाडीचा नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, काम, रक्कम. मराठी अक्षरं शिकली गेली ती अशी, 'चेन', 'प्लग', 'तेल' आणि 'टायर' यांतून. मुळाक्षरांचा तक्ता सगळ्यात शेवटी आला आणि तेव्हा तो कोणालाच जड गेला नाही. रमजानमध्ये महिनाभर खंड पडला. ईदनंतर नऊ जण परत आले. सगळे पट्टीचे वाचक झालेले नाहीत. दोघांना अजून अंगठाच सोयीचा वाटतो. पण सात जण आपल्या सहीने बिल देतात.

वाचकहो, आपल्या घरात, मोहल्ल्यात असा कोणी असेल तर दोन गोष्टी जरूर सांगा. जनशिक्षण संस्थान ही केंद्र सरकारची योजना निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहे. तिचा आरंभ १९६७ मध्ये मुंबईतल्या वरळीच्या श्रमिक विद्यापीठाने झाला. शिवाय अंगी असलेल्या हुन्नराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांत आहे. आपल्या जिल्ह्यात चौकशी करावी. आणि घरातल्या शिकलेल्या मुलांनी अब्बांना रोज दहा मिनिटं द्यावीत. पण अब्बांचं काम त्यांच्यासाठी वाचून टाकू नये, ते वाचायला शिकवावं.

उस्तादांची मुलगी आता नववीत आहे. परवा हजेरीपट पाहिला. गेल्या महिन्यात तिची एकच गैरहजेरी होती, तीही तापामुळे. अर्जाखाली पालकांची सही होती. वाकडी होती, पण पूर्ण नावाची होती.