प्रश्न कपांचा कमी, वेळेचा जास्त

यवतमाळचा दत्त चौक असो की पांढरकवड्याचं बसस्थानक, टपरीवर आठवा-दहावा चहा मागवणाऱ्याला कोणीतरी हटकतंच, "इतका चहा नको पिऊ, कॅफीन चढेल." काळजी खरी असते, हिशोब मात्र जुळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. टपरीचा कप साधारण याच्या निम्मा. म्हणजे कडक चहाचे दहा कप झाल्यावर कुठे माणूस मर्यादेशी पोचतो. दूध घातलं म्हणून कॅफीन कमी होत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि त्या दहा कपांतली साखर कॅफीनइतकीच मोजायला हवी.

आपल्या जिल्ह्यात मला खरी चिंता वाटते ती चहा केव्हा घेतला जातो आणि कशाच्या जागी घेतला जातो याची.

चहाने ताकद येते, हा समज वावरात सगळ्यात पक्का आहे. वेचणीच्या दिवसांत कित्येक बाया पहाटे नुसता चहा घेऊन निघतात आणि भाकर दुपारी धुऱ्यावर सोडतात. मेंदूला थकवा जाणवून देणारं ॲडेनोसिन नावाचं द्रव्य जिथे चिकटतं, ती जागा कॅफीन अडवून धरतं. थकवा अंगात तसाच असतो, फक्त जाणवत नाही. भूकही काही वेळ दबते. ताकद द्यायला लागतं अन्न, आणि बिनसाखरेच्या काळ्या चहात ते जवळजवळ नसतंच.

उन्हाळ्यात चहा अंगातलं पाणी ओढून घेतो, हेही अर्धंच खरं. कॅफीनने लघवी थोडी वाढते, पण सवय असलेल्या माणसाला नेहमीच्या दोन-चार कपांनी कोरड पडत नाही. तरी ४४ अंशांच्या उन्हात घामावाटे गेलेलं मीठ-पाणी चहा भरून देणार नाही. त्यासाठी पाणी, ताक किंवा जलसंजीवनीच हवी.

झोपेचं तसं नाही. "मला चहा पिऊनही झोप लागते," असं सांगणारे घरोघरी आहेत. निरोगी माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्यातलं निम्मं अकराला अंगातच असतं. झोप लागली तरी ती उथळ होते.

भरतीच्या धावण्यापूर्वी एनर्जी ड्रिंक घेणारी मुलं त्याला थंड पेयच समजतात. भारतीय नियमांनुसार या पेयांच्या एका लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं आणि मुलांना व गर्भवतींना ते योग्य नाही, हे डब्यावर छापावं लागतं. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा झाली, ती याच काळजीतून. रिकाम्या पोटी दोन डबे रिचवून पळताना छाती धडधडली, हात थरथरले, तर थांबायचं आणि डॉक्टरांना काय प्यायलो ते सांगायचं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेही सांगायचं.

आता चहा रक्त आटवतो, या समजाकडे येऊ. रक्त आटत नाही आणि यात दोष कॅफीनचा नाहीच. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं भाकरी, डाळ, पालेभाजीतल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते शरीरात शोषलं जात नाही. १९८३ च्या एका प्रसिद्ध अमेरिकी प्रयोगात जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. आपल्याकडे याला फार वजन आहे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या बाईच्या ताटात लोह मुळातच कमी, तिचं जेवणालगतच्या चहाने आणखी नुकसान होतं. पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते, ती म्हणूनच.

गर्भवतीच्या बाबतीत मात्र कॅफीनही मोजावं लागतं. शेवटच्या महिन्यांत ते शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि जास्त कॅफीनचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. युरोपीय तज्ज्ञांनी तिच्यासाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. आशाताई देतात ती लोहाची लाल गोळी अनेक जणी सकाळच्या चहासोबतच घेतात. त्यांनी चहा सोडायची गरज नाही. गोळी रात्रीच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्यावी आणि चहा तिच्यापासून लांब ठेवावा.