औरंगाबाद खंडपीठ : बारा जिल्ह्यांचे हायकोर्ट

मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ जालना रोडवर आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तरी न्यायालयीन व्यवहारात ‘औरंगाबाद खंडपीठ’ हेच नाव रुळलेले आहे. पक्षकारांच्या तोंडी दोनच शब्द असतात : अदालत रोडवरचे ते जिल्हा कोर्ट आणि जालना रोडवरचे ते हायकोर्ट. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हे चार, असा बारा जिल्ह्यांचा मुलूख या खंडपीठाखाली येतो.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ सालचे आहे. मराठवाडा त्याच्या कक्षेत आला तो १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर. तोवर इथली अपिले हैदराबादला जात. पुनर्रचनेने भाषेचा प्रश्न सोडवला आणि अंतराचा वाढवला. नांदेडहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरहून लांब. मनमाडपर्यंतचा लोहमार्ग मीटरगेज होता, त्यामुळे तिथे उतरून मुंबईची गाडी धरावी लागे. वकिलाची फी, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि तेवढे करून पदरात पुढची तारीख. अशा माणसाचा उच्च न्यायालयात जाण्याचा हक्क कागदावरच राहत होता.

खंडपीठाची मागणी वकिलांनी लावून धरली आणि राज्य सरकारने ती उचलली. वाट कायद्यातच होती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ नुसार कायमचे खंडपीठ राष्ट्रपती स्थापू शकतात, तर राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायाधीशही न्यायाधीशांच्या बैठकीसाठी दुसरे ठिकाण नेमू शकतात. राष्ट्रपतींचा निर्णय लांबत गेला, तेव्हा मुख्य न्यायाधीश व्ही. एस. देशपांडे यांनी दुसरी वाट धरली. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला कामकाज सुरू झाले. त्या आदेशालाच न्यायालयात आव्हान दिले गेले. उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवून मुख्य न्यायाधीशांचा अधिकार मान्य केला. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले.

शासनव्यवस्थेची रचना एकाच कागदावर पाहायची असेल, तर इथे दाखल होणाऱ्या रिट याचिकेचे पहिले पान पाहावे. वर न्यायालयाचे नाव. त्याखाली याचिकाकर्ता : वय, व्यवसाय शेती, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा. मग ‘विरुद्ध’. खाली प्रतिवादी क्रमांक एक : महाराष्ट्र शासन, संबंधित खात्याच्या सचिवांमार्फत, मंत्रालय, मुंबई ३२. त्याखाली जिल्हाधिकारी, नंतर भूसंपादन अधिकारी किंवा तहसीलदार. ज्या कायद्यावर वाद आहे तो विधिमंडळाचा किंवा संसदेचा, हुकूम कार्यपालिकेचा आणि तो तपासणारे न्यायालय. गावचा शेतकरी आणि अख्खे राज्य एकाच पानावर, समान पक्षकार म्हणून उभे राहतात. या बळामागे राज्यघटनेचा अनुच्छेद २२६ आहे.

‘खंडपीठ’ या शब्दाचे दोन अर्थ इथे रोज वापरात असतात. एक, मुख्य ठिकाणाबाहेरचे हे न्यायालय. दुसरा, दोन न्यायाधीशांनी एकत्र बसून ऐकणे. काही प्रकरणे एकल पीठापुढे जातात, काही दोघांपुढे. मोठा कायदेशीर पेच पूर्णपीठाकडे. कोणाकडे कोणते काम, हे मुख्य न्यायाधीश ठरवतात. प्रकरण ‘बोर्डावर लागले’ की सरकारी वकील शपथपत्रासाठी वेळ मागतात. निकड असेल तर ‘स्टे’ मागितला जातो. कामकाज इंग्रजीत चालते. ज्याच्या जमिनीचा वाद, तो मागच्या बाकावर बसून आपल्या वकिलाचा चेहरा वाचत असतो. अंतर कमी झाले, भाषेचा हा उंबरा तसाच आहे, आणि खंडपीठाच्या कामातली ती खरी उणीव म्हटली पाहिजे.

अमेरिकेशी तुलना केली की या रचनेचे वेगळेपण कळते. तिथे न्यायालयांच्या दोन उतरंडी आहेत. पन्नास राज्यांची आपापली न्यायालये वेगळी, आणि संघराज्याची वेगळी : ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि वर नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय. संघीय न्यायाधीशांना अध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते, आणि त्यांना निवृत्तीचे वय नाही. अनेक राज्यांत तर न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. भारतात उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतो आणि तेच न्यायालय केंद्राचा कायदाही लावते, राज्याचाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात हाच फरक मांडला होता : राज्यव्यवस्था दुहेरी, पण न्यायव्यवस्था एकसंध. 

न्यायालयाने लोकांकडे जावे, ही कल्पना अमेरिकेने फार लवकर अमलात आणली. १७८९ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांना ठरलेल्या मंडलांत फिरून खटले ऐकायला लावले. घोड्यावरून, बग्गीतून ते फिरत. ‘सर्किट’ हे नाव तिथल्या अपील न्यायालयांना अजून चिकटलेले आहे.

महाराष्ट्रातही तो शब्द आता कानावर येतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. या बेंचच्या आदेशाचा आधार १९५६ च्या कायद्याचे तेच कलम ५१ होता, ज्याच्या बळावर १९८१ मध्ये औरंगाबादला पहिली बैठक भरली.