बोल कुणाला लावायचा?

श्रोते हो, घरात काही विपरीत घडले की पहिला बोल कुणाला लागतो? बहुधा बाहेरून आलेल्या सुनेला. माहेर दुबळे असेल, तर मग विचारायलाच नको! हे मनात ठेवून आज एक जुनी अमेरिकन कथा पाहू. तिचे नाव ‘देझिरेचे बाळ’, लेखिका केट शोपॅन. १८९३ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली.

कथा घडते लुइझियानात, गुलामगिरीच्या काळात. शेतात राबणारे काळे गुलाम, वाड्यात गोरे मालक. एका जमीनदाराला वेशीपाशी एक पोर निजलेली सापडते. निपुत्रिक नवराबायको तिला पोटच्या लेकीसारखी वाढवतात. हीच देझिरे. पुढे आर्माँ नावाचा खानदानी तरुण तिच्यावर भाळतो. तिचे कुळ माहीत नाही, याची त्याला फिकीर नाही. आपल्या घराण्याचे नाव तिला पुरे, ही त्याची घमेंड.

मुलगा होतो. तीन महिन्यांत त्याच्या अंगावर काळ्या रक्ताची छटा दिसू लागते. आर्माँ बायकोला सांगतो, बाळ गोरे नाही, म्हणजे तू गोरी नाहीस. ती आपला हात त्याच्या हाताशेजारी धरते. तिचाच हात अधिक गोरा असतो! पण पाहतो कोण? आई कळवते, लेकराला घेऊन घरी ये. नवरा म्हणतो, जा. देझिरे बाळाला उराशी धरून निघते, माहेरची वाट सोडून पाणथळीकडे जाते आणि परत येत नाही.

काही आठवड्यांनी आर्माँ तिच्या वस्तूंची होळी करतो. तेव्हा खणातून त्याच्याच आईचे जुने पत्र निघते. काळ्या वंशाची होती ती त्याची आई.

आता गंमत बघा. पत्र निघेपर्यंत आपणही देझिरेवरच संशय घेतो. का? पुरावा असतो का काही? नाही. ती अनाथ आणि बाई, एवढेच. आर्माँचे कुळ तपासावे असे आपल्या मनातही येत नाही. लेखिकेने वाचकाला असे हातोहात पकडले आहे.

या बोलामागे कायदाही उभा होता. फ्रेंच राजवटीने लुइझियानासाठी १७२४ साली केलेल्या कायद्यात गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला बंदी होती आणि गुलाम स्त्रीचे मूल गुलामच ठरत असे. मालकापासून झाले तरी ते त्याच्या मालमत्तेत जमा! कथेत ला ब्लांश नावाची गुलाम स्त्री आहे. आर्माँ तिच्या झोपडीपर्यंत जातो, असा ओझरता उल्लेख येतो. त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही, आणि तिची कहाणीही कुणी सांगत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांनो, ही कथा वर्गात सांगाल तेव्हा ‘खरा दोषी आर्माँच निघाला’ असे म्हणून थांबू नका. तसे म्हटले, तर काळे रक्त हा दोष आहे हे आपणही कबूल केले! शिवाय बोल एका बाईवरून उठून दुसऱ्या बाईवर, त्याच्या मेलेल्या आईवर, जाऊन बसला. आर्माँचा अपराध त्याच्या रक्तात नाही. बायकोला आणि लेकराला त्याने दाराबाहेर काढले, हा त्याचा अपराध.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. मिश्र विवाहांवरची बंदी मात्र काही राज्यांत १९६७ पर्यंत टिकली. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आणि आपल्याकडे? मुलगी झाली की अजून सुनेलाच बोल लागतो. शोपॅन १९०४ साली वारल्या. पुढच्याच वर्षी नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने एका किड्याच्या अभ्यासातून दाखवले, की संतती नर की मादी हे पित्याच्या बीजावर ठरते. माणसातही तसेच असते. तेव्हा बोल लावण्यापूर्वी आपलाच हात शेजारी धरून पाहावा, हे बरे. आणि एक विचारावे: मुलगी होणे हा दोष केव्हापासून झाला?