पाच थेंबांमागची साखळी
१९८५-८६च्या सुमारास दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या पथकाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. नवजात बाळांना अतिसार घडवणाऱ्या रोटाव्हायरसची लागण झाली होती, पण जुलाब नव्हते. पुढे या बाळांना तीव्र अतिसारापासून संरक्षणही मिळाले. त्या विषाणूचा प्रकार ११६ई.

याच प्रकारापासून लस बनेपर्यंत जवळपास तीन दशके गेली. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतील संशोधन संस्था व स्टॅनफर्ड विद्यापीठ, ‘पाथ’ ही स्वयंसेवी संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक अशी मोट बांधली गेली. कंपनीने सार्वजनिक लसीकरणासाठी एका मात्रेची किंमत सुमारे एक डॉलर ठेवण्याची हमी दिली. या भागीदारीतली सर्वांत मोलाची अट हीच.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी ६,७९९ बाळांवर झाली. दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिसरे केंद्र होते पुण्याचे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातील गावांत हे काम केले. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसार सुमारे ५६ टक्क्यांनी घटला. आकडा माफक वाटेल, पण ज्या देशात या आजाराने दरवर्षी हजारो बालके दगावत, तिथे तो फार मोठा आहे.

पाच थेंबांची ही लस ‘रोटाव्हॅक’ या नावाने २०१५मध्ये आली, २०१६पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने दाखल झाली आणि २०१८मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली.