आभाळातून उतरला कोळसा!

दोस्ता, तुझ्या घरी मीठ, पीठ, बटाटे कुठून येतात? दुकानातून, नाहीतर मंडईतून. पण एका अख्ख्या शहरात हे सगळं विमानातून यायचं! एक-दोन दिवस नव्हे हं, जवळजवळ वर्षभर!

शहर बर्लिन, देश जर्मनी आणि साल १९४८.

तीन वर्षांपूर्वीच महायुद्ध संपलं होतं. हिटलरच्या जर्मनीनं ते सुरू केलं आणि शेवटी जर्मनीच हरली. जिंकलेल्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी जर्मनीचे चार वाटे केले. बर्लिन राजधानी, म्हणून त्या शहराचेही चार वाटे! पंचाईत अशी, की बर्लिन होतं रशियाच्या वाट्यात पार आत. वाटीभर आमटीत मधोमध भाताची मूद ठेवावी ना, तसं पश्चिम बर्लिन, म्हणजे शहरातले अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे वाटे. चहूकडून रशियाचा भाग!

मग जुंपलं भांडण. पश्चिमेकडच्या तिघांनी आपल्या भागात नवं चलन आणलं, डॉइश मार्क. रशिया चिडला. २४ जून १९४८ला त्यानं पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे, कालवे, सगळं बंद करून टाकलं. आत अडकली वीस लाखांहून जास्त माणसं! त्यांनी खायचं काय?

आता ओळख बरं, उघडं काय राहिलं?

वर बघ. आभाळ!

विमानांसाठी हवेतल्या तीन वाटा १९४५मध्येच ठरल्या होत्या. प्रत्येक वाट सुमारे ३२ किलोमीटर रुंद. आणि हे सगळं चक्क कागदावर लिहिलेलं! रस्त्यांबद्दल मात्र असं काही लिहून घ्यायचं राहूनच गेलं होतं. तोंडी आणि लेखी यातला फरक तो हा. रस्ते बंद झाल्यावर दोनच दिवसांत विमानं उडायला लागली.

विमानात सगळ्यात जास्त काय भरत असतील? पाव? दूध? चूक! कोळसा! आलेल्या मालात तीन पोत्यांमागे जवळपास दोन पोती कोळशाची. वीज करायला कोळसा, घर उबदार ठेवायलाही कोळसा. एवढं करूनही घरात वीज असायची दिवसाला जेमतेम चार तास! आणि ती काळी भुकटी विमानात सगळीकडे पसरायची, अगदी फटीफटीत जाऊन बसायची.

बटाट्यांची तर वेगळीच गंमत. बटाट्यात बरंचसं पाणीच असतं, शंभर ग्रॅममध्ये जवळपास ऐंशी ग्रॅम! मग एवढं पाणी विमानातून कशाला न्यायचं? उन्हाळ्यात आजी गच्चीवर बटाट्याचा कीस घालते, आठवतंय? टोपलीभर ओला कीस वाळला की डबाभर होतो. तीच युक्ती! बर्लिनला जायचे वाळवलेले बटाटे. चव काही फार भारी नसायची म्हणे, पण पोट भरायचं.

आणि मीठ? मीठ सांडलं, दमट झालं, की धातूला गंज चढतो. विमान गंजलं तर? मग ब्रिटिशांनी आणली सुंदरलँड नावाची पाण्यावर उतरणारी विमानं. खाऱ्या समुद्रावर उतरायची त्यांना सवयच! त्यामुळे गंज लागू नये अशी तजवीज आधीपासूनच केलेली. ती शहरातल्या हाफेल नदीच्या पाण्यावर झपकन उतरायची, मीठ द्यायची आणि पुन्हा उडायची. डिसेंबरात पाणी गोठायची भीती, मग त्यांना सुट्टी!

या सगळ्याची शिस्त लावली जनरल टनर यांनी. त्यांचा नियम भलताच कडक. उतरायची संधी एकदाच! हुकली तर घिरट्या नाहीत, भरल्या मालासकट थेट परत. का? कारण मागून पुढचं विमान येतच असायचं. १५-१६ एप्रिल १९४९ला तर कमालच झाली. चोवीस तासांत जवळपास १४०० विमानं! म्हणजे साधारण दर मिनिटाला एक. तू दात घासशील तेवढ्यात दोन-तीन विमानं हजर!

हे सोपं नव्हतं, दोस्ता. अपघात झाले, सत्तरहून जास्त माणसं गेली. पण विमानं थांबली नाहीत. शेवटी १२ मे १९४९ला रशियानंच रस्ते उघडले.

अरे थांब, खाऊची गोष्ट राहिलीच की!

गेल हॅलवर्सन नावाचा एक अमेरिकन वैमानिक होता. जुलै १९४८मध्ये टेंपलहोफ विमानतळाच्या कुंपणापलीकडे त्याला तीसेक मुलं दिसली. गप्पा झाल्या. एकानंही खाऊ मागितला नाही! त्याच्या खिशात च्युइंगगमच्या दोनच कांड्या. त्यानं त्या मोडून दिल्या. चौघांना तुकडे मिळाले. बाकीच्यांनी काय केलं असेल? वरचा कागद फाडून वाटून घेतला आणि नुसता वास घेतला!

हॅलवर्सन म्हणाला, उद्या विमानातून खाऊ टाकतो. मुलांनी विचारलं, पण इतक्या विमानांत तुझं कुठलं, ते कसं कळणार? तो म्हणाला, मी पंख डुलवीन!

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी रुमालांच्या छत्र्या तरंगत आल्या, खाली चॉकलेट बांधलेलं. परवानगी? छे, कुणाला विचारलंच नव्हतं! मग वर्तमानपत्रात बातमी आली आणि साहेबांना कळलं. पण टनर साहेब म्हणाले, चालू दे. मग काय, इतर वैमानिकही रुमाल जमवायला लागले. अमेरिकेतली मुलंसुद्धा छत्र्या बनवून पाठवायची. होता होता वीस टनांहून जास्त खाऊ पडला!

मुलांनी हॅलवर्सनला नाव दिलं, पंख डुलवणारा काका. त्याला पत्रं यायची. एका सात वर्षांच्या मुलीनं तर तक्रारच केली. काका, तुमच्या विमानांना आमच्या कोंबड्या ससाणा समजतात, घाबरतात आणि अंडीच घालत नाहीत! पण पांढऱ्या कोंबड्या दिसल्या ना, की तिथंच खाऊ टाका. मग घाबरल्या तरी चालतील!

हॅलवर्सननं वरून पुष्कळ शोधलं. कोंबड्या काही सापडेनात. शेवटी त्यानं तिचा खाऊ सरळ पोस्टानं पाठवला!